वीस मिनिटांची काचेची नळी



गटाच्या सभेत आपण हप्त्याचा, व्याजाचा, शिलकीचा हिशेब करतो. आज आम्ही रक्ताच्या हिशेबाबद्दल बोलणार आहोत. जखम झाली की रक्त किती वेळात साकळतं आणि साकळलेली गुठळी किती घट्ट असते, हे मोजायला माणूस कसा शिकला, त्याचा हा इतिहास. तो इटली, अमेरिका, जर्मनी, ब्राझील असा फिरत येतो आणि आपल्या सरकारी दवाखान्यात टेबलावर उभ्या ठेवलेल्या एका काचेच्या नळीपाशी पोचतो.

हा विषय का निवडला ते आधी सांगतो. डहाणू आणि तलासरीत बाईच्या आयुष्यात दोन प्रसंग असे येतात की रक्त साकळलं नाही तर जीव जातो. पहिला प्रसंग सापाचा. आवणीच्या चिखलात, दसऱ्यानंतर गवत कापताना, राबासाठी पालापाचोळा गोळा करताना, सरपण आणताना घोणस किंवा फुरसं पायाखाली येतं. दुसरा प्रसंग बाळंतपणाचा. बाळ झाल्यावर अंगावरचं रक्त थांबत नाही. दोन्ही वेळेला डॉक्टरांना एकच गोष्ट आधी कळावी लागते: हिचं रक्त साकळतंय का?

दह्याची परीक्षा आणि रक्ताची परीक्षा

रात्री दूध विरजलं की सकाळी आपण काय करतो? भांडं जरा कलतं करून बघतो. वरची साय हलली नाही तर दही लागलं. पाण्यासारखी लाट आली तर नाही लागलं. मग चमचा घालून बघतो, कवडी निघते की पातळच आहे. म्हणजे आपण दोन गोष्टी तपासतो. दही लागलं का, आणि किती घट्ट लागलं. रक्ताच्या ज्या चाचण्यांबद्दल आज बोलतोय, त्या याच दोन गोष्टी तपासतात.

दही विरजणातल्या जंतूंमुळे लागतं, रक्ताचं तसं नाही. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं एक प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की रक्तातले दुसरे घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी या फायब्रिनोजेनचे चिवट धागे बनतात. प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या ते धागे धरून आवळतात. डहाणूच्या किनाऱ्यावर जाळ्यात मासळी अडकते, तशा लाल पेशी त्या धाग्यांत अडकतात. हीच गुठळी.

१६६६ साली इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी गुठळी पाण्याने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लाल रंग निघून गेला आणि पांढऱ्या धाग्यांचं जाळं उरलं. पण हे धागे बनायला लागतं काय काय, हे समजायला आणखी दोनशे वर्षांहून जास्त काळ गेला. १९०५ मध्ये जर्मनीत पाउल मोराविट्झ यांनी तोवर कळलेलं सगळं एकत्र मांडलं. कोणकोणते पदार्थ एकत्र आले म्हणजे रक्त साकळतं, त्याची ती पहिली नीट मांडणी. त्यात कॅल्शियमही होतं.

मग आली मोजणी. १९१३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या रॉजर ली आणि पॉल व्हाइट या डॉक्टरांनी अगदी साधी रीत सांगितली. शिरेतून रक्त काढायचं, काचेच्या नळीत घालायचं, घड्याळ लावायचं आणि नळी थोड्या थोड्या वेळाने कलती करून बघायची. रक्त वाहायचं थांबलं की वेळ लिहायची. आपण दह्याचं भांडं कलतं करतो, तसंच हे.

घोणस काय करते

पुढची पायरी तर आपल्या घोणसानेच दाखवली. हिमोफिलिया नावाच्या आजारात रक्त नीट साकळत नाही. जरा दात काढला तरी रक्त वाहत राहतं. १९३४ मध्ये लंडनच्या डॉ. मॅकफार्लेन यांनी घोणसाचं विष खूप पातळ करून अशा रुग्णांच्या जखमेवर लावलं आणि रक्त थांबलं. म्हणजे घोणसाचं विष रक्त साकळवतं. पुढे त्याच विषावरून प्रयोगशाळेत रक्त तपासायची एक चाचणी निघाली, ती आजही वापरतात.

मग घोणस चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त का येतं? लघवी लाल का होते? इथे आपल्या गटाच्या पेटीचा दाखला घेऊ. पेटीत अडीअडचणीसाठी पैसे जमवले आहेत. कोणी तरी ते एका दिवसात पाच-दहा रुपयांच्या फुटकळ खर्चात उडवले. संध्याकाळी खरंच एखादी बाई अडली तर पेटी रिकामी. घोणसाचं विष अंगभर असंच करतं. जिथे गरज नाही तिथे बारीक बारीक धागे बनवत सुटतं आणि सगळं फायब्रिनोजेन संपवून टाकतं. मग जिथे खरी जखम आहे तिथे साकळायला काही उरत नाही. फुरशाचं विषही रक्ताची ही पेटी रिकामी करतं.

मण्यार आणि नाग यांचं विष मात्र नसांवर जातं. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. कुडाच्या घरात खाली झोपलेल्याला मण्यार चावली तर जागेवर खूणसुद्धा दिसत नाही. त्या रुग्णाचं रक्त नळीत व्यवस्थित साकळू शकतं. म्हणून नळीतलं रक्त साकळलं म्हणजे धोका टळला, असं कधी समजू नका.

पेला आणि टांगलेली दांडी

काचेच्या नळीने ‘साकळलं की नाही’ एवढं कळत होतं. ‘किती घट्ट’ हे मोजायचं यंत्र १९४८ मध्ये निघालं. दुसरं महायुद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे हेलमुट हार्टर्ट यांनी ते बनवलं.

रचना ऐका. एक लहानसा पेला. त्यात चमचाभरही नाही इतकं रक्त. त्या रक्तात वरून एका बारीक तारेला टांगलेली दांडी सोडलेली. पेला हळूहळू डावीकडे-उजवीकडे झुलतो, पाच अंशांहूनही थोडा कमी. रक्त पातळ आहे तोवर पेला झुलतो, पण दांडी जागची हलत नाही. धागे बनायला लागले की ते पेल्याला आणि दांडीला एकमेकांशी बांधतात. मग पेल्याबरोबर दांडीही झुलू लागते. गुठळी जितकी घट्ट, तितकी दांडी जास्त झुलते.

हे झुलणं यंत्र रेषेत काढतं. सुरुवातीला एकच सरळ रेषा. रक्त साकळू लागलं की तिच्या दोन होतात आणि तारप्याचं तोंड रुंद होत जावं तशा एकमेकींपासून लांब जातात. रेषा फुटायला किती वेळ लागला, यावरून साकळायला सुरुवात कधी झाली ते कळतं. किती रुंद झाली, यावरून गुठळीचं बळ कळतं. पुन्हा लवकर अरुंद झाली, तर बनलेली गुठळी विरघळते आहे असं समजतं. या तपासणीला थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी म्हणतात आणि अशा सगळ्या यंत्रांच्या तपासणीला मिळून व्हिस्कोइलॅस्टिक चाचणी. रक्त किती दाट झालं आणि गुठळी ताण किती सोसते, हे त्यात मोजतात.

कित्येक वर्षं हे यंत्र संशोधकांपुरतंच राहिलं. १९८०नंतर अमेरिकेत पिट्सबर्गला यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. साकळण्याचे बहुतेक घटक यकृतात तयार होतात. जुनं यकृत काढून नवं बसवेपर्यंत रुग्णाचं रक्त घडोघडी बदलायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे कळायला हवं होतं की आता प्लाझ्मा द्यायचा की प्लेटलेट. तेव्हा हार्टर्ट यांचं यंत्र शस्त्रक्रियेच्या खोलीत आलं. नंतर पेला स्थिर ठेवून दांडी फिरवणारं यंत्रही जर्मनीत तयार झालं. आज हृदयाच्या शस्त्रक्रिया, मोठे अपघात आणि बाळंतपणातला रक्तस्राव यांत ही यंत्रं वापरतात.

बाळंतपणात त्यांचा उपयोग कशासाठी, तेही सांगतो. गरोदरपणात निसर्ग बाईच्या रक्तातलं फायब्रिनोजेन वाढवून ठेवतो, प्रसूतीची तयारी म्हणून. बाळंत झाल्यावर खूप रक्त गेलं तर सगळ्यात आधी हाच साठा घटतो. यंत्रावर हे सुमारे दहा मिनिटांत दिसू शकतं. नेहमीच्या प्रयोगशाळेचा कागद यायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो.

पण हे यंत्र लाखो रुपयांचं. ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत असतं. तलासरीच्या पाड्यावरून मुंबई गाठायला तासन् तास जातात. मग आपल्यासाठी काय? आपल्यासाठी तीच काचेची नळी. ती जुनी म्हणून टाकून दिली गेली नाही, कारण काही लोकांनी ती पुन्हा नीट तपासून दाखवली. त्यांत बायकाही आहेत.

नळी परत कशी आली

इंग्लंडच्या ऑक्सफर्डमध्ये डॉ. रोझमेरी बिग्ज काम करत होत्या. आधी त्या वनस्पतिशास्त्र शिकल्या, मग डॉक्टर झाल्या. १९५२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्याला सगळे हिमोफिलिया म्हणत होते, ते खरं तर दोन वेगळे आजार आहेत. एकाच्या रक्तात जे कमी होतं ते दुसऱ्याच्या रक्तात होतं, म्हणून दोघांचं रक्त एकत्र केलं की साकळायचं. आपल्या काचेच्या नळीची मोठी कसोटी मात्र सापाच्या गावांत लागली.

१९७७ मध्ये आफ्रिकेतल्या नायजेरियात डॉ. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुरशाच्या भाऊबंदांनी चावलेल्या रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं. तिथे मोठी प्रयोगशाळा नव्हती. रक्त नळीत साकळतं की नाही एवढं बघून ते प्रतिविषाचा निर्णय घेत. पुढे १९९४ मध्ये ब्राझीलच्या बुटांटान संस्थेतल्या इदा सानो-मार्टिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साप चावलेल्या रुग्णांचं रक्त दोन्ही रीतींनी तपासलं. एकीकडे वीस मिनिटांची नळी, दुसरीकडे प्रयोगशाळेत मोजलेलं फायब्रिनोजेन. फायब्रिनोजेन फार घटलं असेल तर साधी नळीही ते भरवशाने सांगते, असं निघालं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या देशाच्या सर्पदंशाच्या सूचनांत ही चाचणी आहे.

ती करतात अशी. शिरेतून साधारण दोन मिलिलिटर रक्त काढून नव्या किंवा स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालतात. नळी उभी ठेवून वीस मिनिटं तिला हात लावत नाहीत. मग एकदा कलती करतात. रक्त वाहिलं, तर ते साकळत नाही. प्रतिविष लागणार.

यात प्रत्येक शब्दाला कारण आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा स्पर्श झाला की साकळण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकमध्ये ती नीट सुरू होत नाही, त्यामुळे चांगलं रक्तही पातळ राहू शकतं. साबणाने धुतलेल्या नळीत साबणाचा अंश राहिला तरी असंच फसायला होतं. नळी मध्येच हलवली तर अर्धवट बनलेली गुठळी मोडते. आणि घड्याळ बघणारं कोणी नसेल तर वीस मिनिटांची दहा होतात किंवा चाळीस.

शेजारच्या श्रीलंकेत याचा अनुभव आला. तिथे काही रुग्णालयांत रोजच्या धावपळीत केलेल्या या चाचणीतून घोणस चावलेले बरेच रुग्ण सुटून गेले. नंतर शिकवलेल्या माणसांनी नीट नळ्या वापरून, नीट वेळ लावून केली, तेव्हा तीच चाचणी खूप जास्त भरवशाची ठरली. नळी तीच होती, फरक पडला तो हातांचा आणि घड्याळाचा.

डहाणूत काय झालं

प्रतिविषाचा इतिहासही जवळचा आहे. १८९५ मध्ये फ्रान्सच्या आल्बेर काल्मेट यांनी पहिलं प्रतिविष तयार केलं. आपल्या मुंबईत परळला १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढे हाफकिन संस्था, आणि तिचं नाव प्रतिविषाशी कायमचं जोडलं गेलं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं.

प्रतिविष अंगातलं विष निकामी करतं, पण उडालेली पेटी भरत नाही. ती यकृत भरतं, आणि त्याला काही तास लागतात. म्हणून प्रतिविष दिल्यावर सुमारे सहा तासांनी नळीची चाचणी पुन्हा करतात. तेव्हाही रक्त पातळ असेल तर आणखी प्रतिविष लागू शकतं. आधी साकळलं असलं तरी विष हळूहळू चढू शकतं, म्हणून पहिल्या तासांत चाचणी पुन्हा पुन्हा करतात. ‘एकदा केली, ठीक आली, घरी जा’ अशी ही चाचणी नाही.

आपल्या डहाणूत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. तिथल्या आणि मुंबईच्या संशोधकांनी डहाणू तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर आणि सरकारी दवाखान्यांत सर्पदंशाबद्दल विचारपूस केली. महाडला आयुष्यभर विंचू आणि सापाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. हिंमतराव बावसकरही त्या कामात होते. त्याचा अहवाल २०२१ मध्ये छापून आला. चिंचोके किंवा लोहचुंबक लावलं की विष उतरतं, असं मानणारी माणसं त्यांना भेटली. भगताकडे जाण्याची रीतही त्यात नोंदली आहे. पण त्यांनी फक्त आपल्याकडे बोट दाखवलं नाही. दवाखान्यातल्या माणसांनाही सापांची ओळख, तपासणी आणि उपचार याबद्दल पुरेशी माहिती नाही, असंही स्वच्छ लिहिलं. म्हणजे शिकायचं दोन्ही बाजूंना आहे.

देशभरात २००० ते २०१९ या काळात साप चावून वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे, असं त्यात ठरलं आहे.

सिस्टरच्या मुठीतली नळी

बाळंतपणासाठीही अशीच एक नळी आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली गरोदरपण आणि प्रसूतीतल्या अडचणींवर एक पुस्तक काढलं. त्यात सांगितलेली रीत अशी. बाईचं दोन मिलिलिटर रक्त लहान, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं. नळी मुठीत धरायची, म्हणजे ती अंगाच्या उबेत राहते. चार मिनिटांनी हळूच कलती करून बघायची, मग दर मिनिटाला. सात मिनिटांत गुठळी बनली नाही, किंवा बनली पण मऊ, लगेच मोडणारी बनली, तर रक्त साकळण्यात बिघाड आहे. त्या बाईला रक्त देण्याची सोय असलेल्या ठिकाणी लगेच हलवायचं.

मऊ गुठळी की घट्ट गुठळी, हे हायडेलबर्गचं यंत्र तारेला टांगलेल्या दांडीने मोजतं. इथे ते सिस्टर डोळ्यांनी बघतात. यंत्राइतकं बारीक कळत नाही, पण रुग्णवाहिका आत्ता बोलवायची की नाही, एवढं कळतं.

गटाने काय करायचं

ही चाचणी घरी करायची नाही. रक्त काढणं दवाखान्याचं काम. आपलं काम वेगळं आहे, आणि ते गटाला जमण्यासारखं आहे.

साप चावला तर चावलेला हात किंवा पाय लाकडाची पट्टी लावून न हलेल असा ठेवा. अंगठी, बांगडी, पैंजण काढा. करकचून बांधू नका, कापू नका, तोंडाने ओढू नका. चालवत नेऊ नका. १०८ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. भगताचा मान आहे, तो राहू द्या. त्यालाही आपल्या सभेला बोलवा आणि ‘आधी दवाखाना’ हे त्याच्याच तोंडून लोकांना ऐकू द्या. मंत्र गाडीत म्हणता येतो.

दवाखान्यात पोचलात की नीट विचारा: ‘सिस्टर, वीस मिनिटांची काचेच्या नळीची चाचणी लावली का? किती वाजता लावली?’ प्रतिविष दिलं असेल तर विचारा: ‘पुन्हा कधी बघणार?’ हे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. ताणात असलेल्या सिस्टरला वेळेची आठवण करून देणारं माणूस जवळ असलं तर तिलाही बरंच वाटतं.

आपल्याला नोंदवही ठेवायची सवय आहे. तिच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा. चावला किती वाजता, दवाखान्यात पोचलो किती वाजता, नळी लावली किती वाजता, रक्त साकळलं का. दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं तर हा कागद रुग्णाबरोबर द्या. तिथल्या डॉक्टरांचा वेळ वाचेल.

आणि पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, गावच्या आरोग्य समितीत आणि रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत दोन गोष्टी विचारा. प्रतिविष किती आहे? काचेच्या कोऱ्या नळ्या आहेत का? आपल्या गटातली कोणी त्या समितीत असेल तर तिने हे इतिवृत्तात लिहून घ्यावं. नळ्या संपल्या असतील तर त्या मागवायला फार मोठा खर्च नाही. आवणी सुरू होण्याआधी त्या कपाटात असल्या पाहिजेत.

पुढच्या सभेत हा लेख मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चार रकाने तोंडपाठ करून द्या. आशाताईंना बोलवा आणि त्यांना विचारा, आपल्या जवळच्या दवाखान्यात ही नळी कुठल्या कपाटात असते.

आज इथेच थांबतो. काळजी घ्या, मैत्रिणींनो. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या आणि गवतात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा.